स्रोताचं नाव

मिरजेजवळच्या लोणच्याच्या कारखान्यात जे नवं यंत्र आलं, त्याचं कागदोपत्री नाव 'सजीव घटक विश्लेषक' असं होतं. पण पॅकिंगच्या बायकांनी दोन दिवसांत त्याचं बारसं उरकून टाकलं. त्या त्याला 'नणंद' म्हणू लागल्या. का, तर ते बोलायचं कमी आणि दोष काढायचं जास्त. कुणी हातमोजा न घालता झाकण उघडलं, कुणी टोपीखालचे केस सारखे करून तोच हात बरणीला लावला, की नणंदेला कळलंच म्हणून समजावं. "वन्सं बघतायत गं, नीट वागा," असं एकमेकींना बजावून त्या तोंडावर पदर घेऊन हसायच्या.

ऋजुता सोवनीला मात्र त्या यंत्राची धास्ती होती. 'वाढप फूड्स'च्या अनुपालन विभागाची ती प्रमुख. कंपनीचं लोणचं एकोणीस देशांत जायचं आणि एकोणिसांचे एकोणीस नियम. मोहरी कुठल्या शेतातली, हिंगात पीठ कुठलं, बरणीच्या झाकणाला आतून लावलेली रबराची चकती कशाची बनलेली, हे सगळं तिला ठाऊक असावं लागे. एकूण तीनशे बारा पुरवठादार आणि प्रत्येकाचे दरवर्षीचे दाखले. बघणाऱ्याला हे कारकुनी काम वाटे. ऋजुताला ते जपासारखं वाटायचं. रोज बसायचं, एकेक मणी पुढे सरकवायचा, मधला एकही सोडायचा नाही. वीस वर्षांत तिनं एकही सोडला नव्हता, अशी तिची समजूत होती.

बावन्न वर्षांची ऋजुता एकटीच राहायची. आई होती तोवर घरात दोन ताटं मांडली जायची. आईचा एक नेम होता, दुसऱ्याला घास दिल्याशिवाय आपण जेवायचं नाही. आई गेली आणि नेम ऋजुताकडे आला; पण घास द्यायचा कुणाला? म्हणून ती रात्री नुसतं दूध घ्यायची आणि दुपारचं जेवण कारखान्याच्या उपाहारगृहात करायची. तिथं कालिंदी मावशी असायच्या. डबा उघडला की ऋजुता पोळीचा पहिला घास मोडून मावशींच्या तळहातावर ठेवायची. मावशी तो कपाळाला लावून तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, "भाजीत मीठ कमी हाय. जेव आता."

कालिंदी भोरे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कंपनीच्या कागदांत त्यांचं पद 'सल्लागार, स्वाद' असं होतं. हे पद म्हणजे थोरल्या आवटीबाईंची आठवण. आवटीबाईंनी एका परातीत लोणचं घालून हा धंदा सुरू केला तेव्हा मसाला कालवायला कालिंदी होती. तिच्या हाताचं लोणचं नासत नाही, असं आवटीबाई म्हणायच्या. त्या गेल्यावरही प्रथा राहिली. कैरीच्या दिवसांत रोज सकाळी सातला देवाला फूल वाहिलं जायचं, मग मसाल्याच्या मोठ्या परातीत मावशी उघड्या हातानं एकदा हात फिरवायच्या, आणि आठचा भोंगा झाला की हातमोजेवाल्या बायका कामाला लागायच्या.

डिसेंबरातल्या एका सकाळी डॉ. फर्झाना मुजावर ऋजुताच्या खोलीत आल्या. प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. वयानं तिशीच्या, बोलायला घाईच्या.

"मॅडम, नणंदेनं एक हात पकडलाय."

"कुणाचा? लेखी समज द्या."

"समज कुणाला देणार? हात अकरा वर्षं जुना आहे."

ऋजुतानं चष्मा काढला. फर्झानानं खुर्ची ओढली आणि तिला समजेल असं सांगितलं.

माणसाच्या तळहातावर एक गावच वसलेलं असतं. नजरेला न दिसणारे लाखो जीव, शेकडो जातींचे. कुठली जात किती, हे प्रत्येकाच्या हातावर वेगळं. आपण वस्तूला शिवतो तेव्हा त्या गावातली थोडी वस्ती तिथं मागे राहते. मेली तरी तिच्या गुणसूत्रांचे तुकडे उरतात. नणंद ते तुकडे वाचते आणि जत्रेच्या गलक्यातून ओळखीचा आवाज निवडावा तसा हात निवडून काढते. नियमानुसार कंपनीनं दर हंगामातल्या बरण्या राखून ठेवल्या होत्या. फर्झानानं अकराही वर्षांच्या उघडल्या. सगळ्यांत मुख्य वस्ती एकच.

"मेलेली नाही, मॅडम. जिवंत. एक्केचाळीस जाती, आणि त्या आंबवतायत. म्हणून आपलं लोणचं मऊ पडत नाही."

अकरा वर्षांपूर्वी मिठावर मर्यादा आली होती. आरोग्याच्या कायद्यानं लोणच्यातलं मीठ निम्म्यावर आणलं आणि बाजारातल्या सगळ्यांच्या फोडी मऊ पडू लागल्या. वाढपच्या पडल्या नाहीत. सगळ्यांना वाटलं, मोहरी चांगली. आणि आता खरेदीदार देशांनी नवा कायदा आणला होता. कुठल्याशा आंबवलेल्या पेयातून तिकडे मोठी साथ पसरली होती, तेव्हापासून जिवंत घटक नाव-गावाशिवाय हद्दीत येऊ द्यायचा नाही असं ठरलं होतं. एक जूनपासून अंमल.

"पण उघडा हात लागतोच कुठे?" ऋजुता म्हणाली. "आपल्या प्रक्रियेत..."

ती थांबली. प्रक्रियेचा तक्ता तिच्या मागच्याच भिंतीवर होता. पहिल्या चौकटीत लिहिलं होतं, 'सकाळी आठ: मसाला परातीतून पिंपात.'

सातला काय होतं ते तक्त्यात नव्हतंच. ते काम नव्हतं ना. ती पूजा होती.

दरवर्षीच्या प्रतिज्ञापत्रातला तेविसावा प्रश्न तिला पाठ होता. 'उत्पादनास उघड्या हाताचा स्पर्श होतो काय?' अकरा वेळा तिनं 'नाही' लिहून खाली सही केली होती. आणि त्या प्रत्येक हंगामात, पहिल्या सकाळी, मावशी हात फिरवत असताना ती स्वतः परातीपाशी हात जोडून उभी होती. तो स्पर्श तिला कधी स्पर्श वाटलाच नव्हता.

दुपारी तिनं मावशींना सांगितलं. मावशी घास चावत ऐकत राहिल्या.

"म्हंजे मी गुन्हा केला व्हय गं?"

"तुम्ही नाही. मी. खोटं लिहिलं."

"तुला ठावं नव्हतं की."

"लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं, मावशी."

मावशींनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मधल्या बोटाशी तिखटानं कायमची आलेली लाली, अंगठ्याजवळ विळीचा जुना वण. मग त्या फसकन हसल्या. "बघ की! एवढं गाव वस्तीला ठेवलं आणि मला एक शब्द बोलले न्हाईत."

कंपनीचा मालक तन्मय आवटी हा थोरल्या आवटीबाईंचा नातू. त्यानं बातमी ऐकली आणि टेबलावर थाप मारली.

"ऋजुताताई, ही आपत्ती नाही, ही लॉटरी आहे! रीतसर नोंद करू. आपलं स्वतःचं विरजण! जगात कुणाकडे नाही."

फर्झानानं प्रयोगशाळेत ती वस्ती वाढवून पाहिली. सहा पिढ्या बरी चालली, मग एकेक जात मरत गेली आणि उरलं नुसतं आंबट पाणी. हाताला जे जमत होतं ते काचेला जमेना. कायद्यात अशा प्रसंगासाठी एक कलम होतं. जिवंत घटक माणसाच्या अंगावरून घेतला असेल तर त्या माणसाचं नाव 'स्रोत' म्हणून लिहायचं आणि तो स्रोत 'स्थिर व परक्या वस्तीपासून सुरक्षित' ठेवला आहे याचा पुरावा द्यायचा.

"सुरक्षित म्हणजे?" तन्मयनं विचारलं.

"म्हणजे त्यांच्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये," ऋजुता म्हणाली.

नियमावली तिलाच लिहायची होती. तिनं ती नेहमीसारखी चोख लिहिली. कारखान्यामागच्या पाहुण्यांच्या बंगलीत राहणं. झोप सोडून सर्व वेळ मऊ, हवा खेळती ठेवणारे हातमोजे. कुणाशीही हातात हात नाही. भाजी चिरणं, फुलं खुडणं, जनावराला हात लावणं नाही. दर मंगळवारी कापसाच्या काडीनं नमुना. एकूण सव्वीस कलमं झाली. विसाव्या कलमापाशी तिचा पेन थोडा अडला होता. 'हातावर अन्न देऊ-घेऊ नये.' पण कलम आवश्यक होतं. तिनं लिहिलं.

"नको म्हणालात तरी चालेल," तिनं मावशींना सांगितलं. "मग हे लोणचं बंद होईल, एवढंच. साठ बायकांना दुसऱ्या कामावर घालतील."

"तुला काय वाटतं?"

ऋजुतानं कागदांच्या कडा जुळवल्या. "नियमात बसतंय," ती म्हणाली.

"तू म्हणतीस तर बसते मी. आवटीबाई असत्या तर पेढे वाटले असते. भोऱ्यांच्या कालिंदीचा हात सरकारदरबारी!" त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. हे ऋजुताला पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

जानेवारीत मावशी बंगलीत राहायला गेल्या. बंगली चांगली होती. ऊन यायचं, तुळस होती, भिंतीवर पडदा होता, त्यावर भजनं लागायची. जेवण कारखान्यातून जायचं. पहिल्या आठवड्यात बायका रांगेनं भेटायला आल्या, लांबून नमस्कार करून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या आल्या. तिसऱ्या आठवड्यापासून खिडकीतून हात हलवून जायला लागल्या, कारण आत यायचं तर पाय धुवा, अंगरखा घाला, नोंदवहीत नाव लिहा. हे ऋजुताच्याच नवव्या कलमात होतं.

दुपारी ऋजुता आता एकटीच जेवायला बसे. पहिला घास मोडून ती बाहेर कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची, कावळा येईस्तोवर थांबायची. कावळ्याला घाई नसे. भोंगा झाला की ती डबा तसाच झाकून उठायची. कामगारांच्या गर्दीत कुणालाही तो घास देता आला असता. पण वीस वर्षं ती या लोकांत 'कम्प्लायन्सच्या मॅडम' होती. ती जवळ आली की लोक आपोआप टोपी सारखी करायचे. अशा माणसाला हात पुढे कर म्हणायचं कसं?

मंगळवारी ती स्वतः नमुना घ्यायला जायची. मावशी हातमोजा काढून हात टेबलावर ठेवायच्या. ऋजुता चिमट्यात धरलेली काडी तळहातावरून फिरवायची, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून.

"गुदगुल्या होतात गं."

"झालंच, मावशी."

"सावकाश कर. तेवढंच कोणीतरी शिवतंय."

फेब्रुवारीत मावशींच्या नातीचं, रेवतीचं, लग्न होतं. नोंदवहीत परवानगी लिहून ऋजुता त्यांना कुपवाडच्या कार्यालयात घेऊन गेली. मावशी जरीच्या लुगड्यात, हातात पांढरे मोजे. चुडा भरायच्या वेळी कासारीण बायकांचे हात एकेक करून मांडीवर घेत होती, दाबत होती, बांगडी चढवत होती. मावशींची पाळी आली तेव्हा तिनं वर पाहिलं आणि ऋजुतालाच विचारलं, "ह्यांच्या कशा भरायच्या?"

"त्यांच्या नको," ऋजुता म्हणाली.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "मला कुठं नवरी व्हायचंय."

बायका हसल्या. पाठवणीच्या वेळी रेवती एकेकीच्या गळ्यात पडून रडली. आईच्या, काकूच्या, शेजारणीच्यासुद्धा. आजीसमोर आली आणि थबकली. तिनं वाकून लांबूनच नमस्कार केला. मावशींचे दोन्ही हात वर उठले होते. ते त्यांनी तसेच एकमेकांत गुंतवले आणि छातीशी धरले.

त्या दिवशीच्या नोंदवहीत ऋजुतानं लिहिलं, 'नियमभंग: नाही.'

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी फर्झाना धावत आल्या नाहीत, हळू आल्या. ऋजुताला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलंय.

"मॅडम, जानेवारीत एक्केचाळीस जाती होत्या. फेब्रुवारीत तेहतीस. आज सव्वीस."

"कुठे नियम मोडला गेला?"

"नाही ना! कुठेच मोडला नाही. म्हणूनच." फर्झानानं दोन आलेख तिच्यासमोर ठेवले. "आपण समजलो, वस्ती मावशींची आहे. तशी ती नाहीच. हात म्हणजे विहीर नव्हे मॅडम, बाजार आहे. रोज नवे येतात, जुने जातात, काही टिकतात. कासारीण, नातवंडं, भाजीवाली, दर्ग्यापुढचा फुलवाला... मावशी अख्ख्या गल्लीला शिवून यायच्या आणि मग परातीत हात घालायच्या. त्यांच्या कातडीला फक्त चांगल्या जाती धरून ठेवता यायच्या, तेवढा गुण त्यांचा. पुरवठा गावाचा होता. आपण पुरवठा बंद केला."

ऋजुता आलेखाकडे बघत राहिली. तीनशे बारा पुरवठादार तिला नावानिशी ठाऊक होते.

"जुन्या नमुन्यांत ओळखू येतात का हे लोक?"

"थोडे येतात. एक हात तर आपल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदीतलाच आहे." फर्झाना जरा घुटमळल्या. "तुमचा, मॅडम. अकरा वर्षांतल्या नऊ हंगामांत. मी आधी म्हटलं, तपासताना लागला असेल. पण तो जिवंत आहे. लोणच्यात काम करत होता."

एप्रिलच्या मध्यावर कैऱ्या आल्या. जाती तोवर एकोणिसांवर आल्या होत्या. चाचणीसाठी एका परातीत मावशींनी हात फिरवला. देवाला फूल वाहिलं, पण या वेळी तो विधी तक्त्यात होता: 'सकाळी सात: स्रोताचा स्पर्श.' दहा दिवसांनी पिंप उघडलं तर वर फेस आणि फोडी दाबल्यावर बोटात फुटत होत्या.

तन्मयनं दार लावून घेतलं. "प्रतिज्ञापत्र एकतीस मेला जायचंय. त्यात आपण जानेवारीचे आकडे लावू. ते खरेच आहेत ना?"

"तेव्हा खरे होते."

"मग झालं. राखून ठेवलेल्या बरणीतून विरजण घेऊ, यंदाचं भागवू. मावशी बंगलीत आहेतच. पुढच्या वर्षापर्यंत काहीतरी निघेल."

"पुढच्या वर्षीपर्यंत त्या बंगलीतच?"

"स्रोत स्थिर आहे असं म्हणायचं तर त्या तिथं असाव्याच लागतील. ताई, हे तुम्हीच लिहिलंय." तो दुष्ट नव्हता. त्यानं डोळे चोळले. "अकरा वर्षं चुकीचं लिहिलंत. कुणाचं काही बिघडलं? आणखी एकदा लिहा."

ऋजुताला राग आला नाही. तिला फक्त खूप थकल्यासारखं वाटलं. "अकरा वर्षं मला माहीत नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "आता माहीत आहे."

"तुमच्या सहीशिवाय ते जाणार नाही. आणि खरं लिहिलंत तर परवाना मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी बघा. मग या खुर्चीवर मला दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

"बसवा."

त्या संध्याकाळी तिनं फॉर्म उघडला. तेविसाव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं. पुढची चौकट होती 'स्रोताचं नाव'. फक्त एक ओळ. तिनं लिहायला सुरुवात केली आणि ओळ पुरेना. तिनं पुरवणी जोडली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी झाली. पडद्यावर समोर एक परदेशी अधिकारी बाई होती, करड्या केसांची, थकलेली. ती तिच्या भाषेत बोलायची आणि यंत्र ते मराठीत सांगायचं, मध्ये किंचित थांबून.

"सोवनीबाई, तुम्ही नाव म्हणून साडेतीन पानांची यादी दिली आहे."

"तीही अपुरी आहे. जेवढी मावशींनी आठवून सांगितली तेवढी."

"तेराव्या क्रमांकावर 'दर्ग्यापुढे फुलं विकणारा, नाव ठाऊक नाही' असं आहे."

"त्यांना ठाऊक नाही. पैसे देताना हाताला हात लागतो."

"एकविसाव्यावर तुमचं स्वतःचं नाव आहे."

"हो. मी त्यांच्या हातावर रोज घास ठेवायची. जानेवारीपर्यंत."

बाईनं मान खाली घातली. कागद उलटल्याचा आवाज आला. "माझ्याकडे एका नावाची जागा आहे. तुम्ही फक्त भोरेबाईंचं नाव लिहून स्रोत स्थिर असल्याचं सांगितलं असतं तर मी मंजुरी दिली असती."

"मला कल्पना आहे."

"आता मला नाही म्हणावं लागेल."

"म्हणा."

यंत्र थांबलं. मग बाई काहीतरी बोलली आणि मराठी यायला जरा जास्तच वेळ लागला. "हा प्रश्न नोंदीसाठी नाही. त्या बाई कशा आहेत?"

सहा महिन्यांत हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये आला नव्हता.  ऋजुतानं नुसती मान हलवली आणि पडदा काळा झाला.

कमी मिठाचं लोणचं बंद झालं. साठ बायका व्हिनेगरच्या लोणच्याकडे गेल्या. ऋजुताला मुदतीआधी निवृत्त करण्याचं पत्र आलं, भाषा सभ्य होती. तिनं भिंतीवरचा तक्ता काढला नाही. नव्या माणसाला लागेल म्हणून किल्ल्या एका पाकिटात घातल्या, वर नाव लिहिलं आणि बंगलीकडे गेली. तिच्या हातात शेवटचा कागद होता: स्रोतास मुक्त करण्यात येत आहे.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी कागद ऐकून घेतला.

"म्हंजे माझ्या हाताचा गुण उतरला."

"नाही, मावशी. तसं नाही."

"मग कसं? तू बस म्हणालीस म्हणून बसले. आता ऊठ म्हणतीस म्हणून उठू? नातीचं लग्न परत लावणार हाईस का तू?"

ऋजुता दारातच उभी राहिली. पाय धुतले नव्हते, अंगरखा नव्हता. तिनं सगळं सांगितलं. बाजार, पुरवठा, एक्केचाळिसाचे एकोणीस, साडेतीन पानं.

 मावशी म्हणाल्या, "एवढं मोठं यंत्र लागलं व्हय त्याला? आवटीबाईंच्या वक्तापासनं मी मसाल्याला जायच्या आधी गल्लीत चार घरं फिरून जायची. हात गार असला की मसाला धरत न्हाई, हे मला ठावं होतं."

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलं? तू सव्वीस कलमं वाचून दाखिवलीस. मी म्हटलं, शिकलेली हाय, तिला ठावं असंल."

ऋजुता खाली जमिनीवर बसली. रडली नाही. रडली असती तर मावशींना तिची समजूत घालावी लागली असती, आणि तेवढाही हक्क आपल्याला उरलेला नाही असं तिला वाटलं.

मावशींनीच हातमोजे काढले. बोटाबोटानं, सावकाश. आतले हात पांढरेफटक झाले होते, मऊ, कुणा दुसऱ्याच बाईचे असावेत तसे. मधल्या बोटाची लाली गेली होती. मोजे कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते खुर्चीच्या हातावर वाळत घातल्यासारखे टाकले आणि पिशवी उचलली.

"चल. पोचव मला घरी."

कारखान्याच्या फाटकासमोरून सांगलीला जाणारा मोठा रस्ता. मावशींची गल्ली त्याच्या पलीकडे. कोपऱ्यावर कासारणीचं दुकान उघडं होतं. तिनं मावशींना पाहिलं, ओळखीचं हसली, आणि सवयीनं लांबूनच हात जोडले. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघींनीही जोडले. मावशींनी हात वर केला, पण पुरता नाही. त्यांनाही सवय लागली होती. पुढच्या दारांतही हेच होणार होतं, आजच नव्हे, पुष्कळ दिवस. ते मोडायला यंत्र कामाचं नव्हतं आणि कायदाही.

ट्रकमागून ट्रक जात होते.

"मला दिसत न्हाई नीट आताशा," मावशी रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "हात धर."

ऋजुतानं आपला तळहात साडीला पुसला. मग तो नुसता पुढे धरला. मावशींचा हात त्यात आला तेव्हा तो थंड होता, आणि धरायचा कसा हे दोघींनाही लगेच आठवेना. बोटं आधी चुकली, मग बसली.

मावशींनी एकवार तिच्याकडे पाहिलं. "तुझा पण गारच हाय की गं," त्या म्हणाल्या.

रस्ता मोकळा झाला. ऋजुतानं पाऊल उचललं.

"थांब जरा," मावशी म्हणाल्या. "घाई कुठं हाय आता."

सांगलीकडून पुढची गाडी येऊन गेली, मग तिच्या मागची. दोघी फाटकाशी तशाच उभ्या होत्या.